शुगर ग्लायडर पिंजऱ्यातून सारखा निसटतो? पिंजरा रात्री तपासा

पिंजऱ्याची सगळी दारं बंद, कडी जागच्या जागी, आणि तरी सकाळी ग्लायडर खिडकीच्या पडद्याच्या चुणीत झोपलेला सापडतो. शुगर ग्लायडर म्हणजे रात्री जागणारा, झाडावरून झाडावर तरंगत जाणारा छोटासा प्राणी; तो पाळणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. तिच्या मागोमाग येणाऱ्याही ठरलेल्या आहेत: खोलीत वास कोंडून राहतो, रात्रभर भुंकतात, चाकाकडे ढुंकून पाहत नाहीत, पायाचं बोट सुजलंय. मग लोक बाजारात जाऊन दुसरा पिंजरा आणतात. तोही पोपटाचाच असतो, फक्त थोडा मोठा आणि निळ्याऐवजी काळा. काही दिवसांत तीच तक्रार परत.

नव्या पिंजऱ्यात पैसे घालण्याआधी आहे तो पिंजरा एकदा रात्री पाहा. आपण तो पुसतो, लावतो, निरखतो ते सगळं दिवसा. तेव्हा हे महाशय पिंजऱ्यात टांगलेल्या कापडी पिशवीत गुरफटून गाढ झोपलेले असतात आणि पिंजरा अगदी ठीकठाक दिसतो.

रात्री साडेदहा-अकरानंतर खोलीतली ट्यूबलाइट बंद करा. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन पेपर लावा (गणपतीच्या सजावटीतला उरलेला तुकडा घरात असतोच) आणि चार-पाच फुटांवर गप्प बसून राहा. अर्धा तास पुरे. ग्लायडर पिशवीतून बाहेर आला की आधी वर चढतो, मग कडेकडेने एकेक सांधा हुंगत फिरतो. जिथे तार किंवा पत्रा जरासा हलतो तिथे तो पुन्हा पुन्हा येतो आणि नाक खुपसून ढकलून पाहतो. ती जागा लक्षात ठेवा, सकाळी तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावा. आख्ख्या तपासणीतलं अर्धं काम तिथेच झालं.

निसटायची वाट

पोपटाच्या पिंजऱ्याला दाणापाण्याच्या वाट्यांसाठी वर सरकणारी छोटी दारं असतात. त्यांना कडी नसते, स्वतःच्या वजनावर ती खाली बसलेली असतात. ग्लायडर खालच्या फटीत नाक घालतो, मान वर करतो, दार उचललं जातं, तो बाहेर. आणि दार मागे आपोआप खाली पडतं. म्हणून सकाळी सगळं बंद दिसतं आणि घरात एकमेकांवर संशय घेतला जातो, ‘रात्री शेवटचं खायला कोणी घातलं?’

जी दारं तुम्ही वापरतच नाही ती केबल टायने कायमची बांधून टाका. टायची कापलेली टोकं बाहेरच्या बाजूला ठेवा, आत राहिली तर पोटाला आणि पंखपडद्याला (तरंगताना पसरतो तो पायांमधला कातडीचा पडदा) ओरखडे येतात. वापरातल्या दारांना हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा स्प्रिंगचा हुक लावा, कुत्र्याच्या साखळीच्या टोकाला असतो तसा. कपड्यांच्या चिमट्यावर विसंबू नका, रात्रभर धक्के बसले की तो सरकतो.

दुसरी वाट खालच्या ट्रेची. ट्रेच्या वर जाळीचा तळ नसेल, तर साफसफाईसाठी ट्रे ओढला की लांबलचक खाच उघडी पडते. ट्रे परत घालताना तो तिरका बसला तरी मागच्या बाजूला फट राहते, आणि ती समोरून दिसत नाही. पिंजरा भिंतीला लावलेला असेल तर आधी तो पुढे ओढून मागून पाहा.

तिसरी वाट म्हणजे तारांमधलं अंतरच. ते अर्ध्या इंचापेक्षा, म्हणजे १२-१३ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. मोजपट्टी नसेल तर शाळेतल्या दोन साध्या पेन्सिली घ्या. पेन्सिल साधारण ७ मिलिमीटर जाड असते. एक आत गेली तर हरकत नाही, दोन शेजारी शेजारी धरून आत गेल्या तर तो पिंजरा ग्लायडरचा नाही. ही चाचणी मधल्या सरळ तारांवर करून थांबू नका. दाराच्या चौकटीजवळ, कोपऱ्यात आणि वाहतुकीत तारा वाकल्या असतील तिथे करा. मोठा ग्लायडर वजनाला जेमतेम १००-१५० ग्रॅम. त्यात पडदा आणि लव काढली तर अंग फारच बारीक, डोकं गेलं की बाकीचं जातंच. जोडीला पिल्लं असतील तर अर्धा इंचही मोठा पडतो.

अंतर जास्त निघालं की बाहेरून मच्छरजाळी किंवा कोंबड्यांची षटकोनी जाळी गुंडाळायची कल्पना सगळ्यांनाच सुचते. करू नका. मच्छरजाळीत नख अडकतं आणि अडकलेलं नख सोडवायला ग्लायडर जीव खाऊन ओढतो. बोट सुजण्याचं, कधी तुटण्याचं हे मोठं कारण आहे.

निसटलाच तर आधी छताचे पंखे बंद. मग बाकी सगळं. आपल्या घरांत याला सर्वांत मोठा धोका फिरत्या पंख्याचा, आणि त्याच्या खालोखाल न्हाणीघरात भरून ठेवलेल्या बादल्या-पिंपांचा आणि उघड्या कमोडचा. गुळगुळीत कडेवरून त्याला वर चढता येत नाही आणि तो बुडतो. खिडक्या लावा, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबा, दिवे मालवा. त्याचीच वापरलेली पिशवी उघडी करून उंचावर टांगा, शेजारी सफरचंदाची फोड ठेवा. मागे धावून हाती लागत नाही. पहाटे झोपायची वेळ झाली की बहुतेक वेळा स्वतःच पिशवीत शिरतो.

काय दुरुस्त होतं, काय नाही

दारं, ट्रे, चाक, पिशवी, जागा हे सगळं सुधारता येतं. तीन गोष्टी मात्र सुधारत नाहीत: तारांमधलं जास्त अंतर, पिंजऱ्याचा अपुरा आकार आणि जस्ताचा मुलामा असलेली जाळी. यातली एकही असेल तर पिंजरा बदलायचा, जुगाडात वेळ घालवायचा नाही.

आकाराचं आधी. दोघांसाठी कमीत कमी २४ इंच लांब, २४ इंच रुंद आणि ३६ इंच उंच. जमिनीवरचा आडवा सशाचा पिंजरा कितीही प्रशस्त असला तरी उपयोगाचा नाही. हा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या झाडांवर राहणारा प्राणी आहे, एका झाडावरून दुसऱ्यावर झेपावत ५० मीटरपर्यंत तरंगत जाणारा. त्याला उंची लागते. विकणारे त्याला सर्रास ‘उडती खार’ म्हणतात आणि खारीचा म्हणून छोटा पिंजरा गळ्यात मारतात. खारीशी याचा काही संबंध नाही, हा कांगारूसारखा पोटाला पिशवी असलेल्या प्राण्यांतला. (आपल्या सह्याद्रीतली उडती खार हा निराळा प्राणी, आणि ती वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. ती कोणी विकायला आणली तर घ्यायची नसते, वनखात्याला कळवायचं असतं.) पिंजरा लहान पडतोय हे रात्रीच्या तपासणीत लगेच दिसतं: ग्लायडर एकाच कोपऱ्यात त्याच त्या कोलांट्या मारत राहतो, घड्याळाच्या लंबकासारखा न थांबता. लोक त्याचे व्हिडिओ काढतात, ‘बघा किती खेळतोय’. तो खेळत नसतो.

गोल घुमटाचे पिंजरे दिसायला सुरेख असतात. वर सगळ्या तारा एका ठिकाणी जुळत जातात आणि त्या निमुळत्या फटीत पाय अडकतो. फुकट मिळाला तरी घेऊ नये असं माझं मत आहे.

आता जाळी. फॅब्रिकेशनवाल्याकडे पिंजरा करायला गेलात तर तो हमखास जी.आय. वेल्डमेश, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली जाळी, दाखवेल. स्वस्त असते, गंजत नाही असं तो सांगेल, आणि पावसाळ्यातल्या कुंपणासाठी ते बरंचसं खरंही आहे. पण ग्लायडर तारेवरच चढतो, तारेवरच मुततो आणि तीच तार चाटतो-कुरतडतो. मुताने जस्ताच्या थरावर पांढरी भुकटी धरते, ती पोटात गेली की विषबाधा होते. शिवाय त्या खरखरीत थराला वास असा चिकटतो की धुऊन जात नाही. जाळी व्हिनेगरने घासली की भुकटी निघते, पण खालचं जस्त तिथेच राहतं, पुन्हा भुकटी धरते. अर्ध्या इंचाची, १४ गेजची स्टेनलेस स्टीलची जाळी महाग पडते पण एकदाच पडते. ते परवडत नसेल तर साध्या लोखंडी जाळीवर चांगलं पावडर कोटिंग करून घ्या, वेल्डिंग झाल्यावर करा, आधी नाही. कोटिंग कुठे उडालंय का हे अधूनमधून नखाने खरवडून पाहा.

वास जात नाही

चांगली जाळी असूनही खोलीत वास येत असेल तर बहुतेक वेळा दोष जास्त साफसफाईचा असतो. ऐकायला उलटं वाटेल. ग्लायडर वासावर जगतो. पिंजरा, पिशव्या, फांद्या सगळं एका रविवारी धुऊन टाकलं की त्याला घर परकं होतं आणि त्या रात्री तो दुप्पट जोमाने सगळीकडे खुणा करतो. सोमवारी वास आणखी वाढलेला, म्हणून तुम्ही पुन्हा धुता. हे चक्र तोडायचं तर निम्मं निम्मं धुवा. या आठवड्यात एक पिशवी, पुढच्या आठवड्यात दुसरी. ट्रेमधला कागद मात्र रोज बदला.

पुसायला पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात. फिनाइल, डेटॉल, सुगंधी फरशीवालं काही नको. लाकडाचा भुसाही तळाला घालू नका. देवदार आणि पाइनच्या भुशातलं तेल श्वासाला वाईट, आणि सुताराकडच्या भुशात कसलं लाकूड आणि कसलं पॉलिश आहे ते त्यालाही सांगता येत नाही. जुनं वर्तमानपत्र उत्तम.

आणि वयात आलेल्या नराच्या टाळूवर टक्कल पडल्यासारखा चकचकीत ठिपका दिसला तर घाबरू नका. ती त्याची वासाची ग्रंथी आहे, एक छातीवरही असते. मादीच्या डोक्यावरचे किंवा कोणाच्याही शेपटीवरचे केस गेले तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टरांना दाखवा.

चाक, पिशवी, फांद्या

चाकावर चढत नसेल तर चाकाच्या मधोमध आडवा दांडा आहे का पाहा. हॅमस्टरच्या चाकाला असतो. ग्लायडर पळता पळता मध्येच उडी मारतो, शेपूट दांड्याला गुंडाळलं जातं, आणि एकदा दुखलं की तो पुन्हा त्या चाकाकडे जात नाही. मध्ये दांडा नसलेलं, ११-१२ इंच व्यासाचं, पळायची पट्टी सलग असलेलं चाक घ्या. जाळीच्या पट्टीत बोटं अडकतात.

झोपायची पिशवी फ्लीसची, म्हणजे मऊ लोकरीसारख्या कापडाची हवी. टॉवेलच्या कापडाला दोऱ्यांच्या गाठी असतात, त्यात नख रुततं. शिंप्याकडून शिवून घेत असाल तर ओव्हरलॉक (कडेवरून दोऱ्यांचे वेढे घालणारी शिवण) करू देऊ नका, तो हौसेने करतो. शिवण दोन थरांच्या मध्ये लपली पाहिजे, आतून हात फिरवला तर एकही दोरा लागता कामा नये. आठवड्याला पिशवी उलटी करून उजेडात पाहायची सवय ठेवा, सुटा धागा बोटाभोवती आवळला की काही तासांत रक्त थांबतं. झुल्यांना टांगायला सुताच्या किंवा तागाच्या दोरीपेक्षा प्लास्टिकची साखळी बरी.

फांद्यांसाठी शोधाशोध करायला नको. ग्लायडर ज्या निलगिरीवर मूळचा राहतो ती आपल्याकडे रस्त्याच्या कडेला, माळावर सगळीकडे लावलेली आहे. पेरूची फांदीही चालते. औषध न मारलेल्या झाडाची घ्या, घासून धुवा, कडक उन्हात वाळवा, मगच आत लावा. कण्हेर, रुई, शेर यांच्या जवळपासही जाऊ नका. आंब्याच्या फांदीचा चीक त्रास देतो, तीही नको.

रात्रभर भुंकतो

एकटा आहे का? मग उत्तर तिथेच आहे. ग्लायडर कळपाने राहतो, एकटा ठेवला की हाका मारत राहतो, आणि पुढे पुढे स्वतःचेच केस, शेपूट चावायला लागतो. पिंजरा कितीही भारी घ्या, याला उतारा नाही. जोडी करा. नर असेल तर आधी नसबंदीचं डॉक्टरांशी बोला, नाहीतर घरात पिल्लांची रांग लागेल. नवा सोबती थेट त्याच पिंजऱ्यात सोडू नका. दोन पिंजरे शेजारी ठेवा, पण तारेतून चावे घेता येणार नाहीत इतकं अंतर राहू द्या, आणि पिशव्या अदलाबदल करत राहा.

जोडी असूनही भुंकत असतील तर टॉर्च घेऊन भिंतीवर पाहा. बऱ्याचदा पाल असते. किंवा बाहेरच्या कठड्यावर मांजर.

जागा आणि हवा

यावर सगळ्यात जास्त भांडण होतं, कारण फ्लॅटमध्ये जागा नसते आणि पिंजरा बाल्कनीत जातो. बाल्कनीत दिवसा कावळे, रात्री मांजरं आणि उंदीर, दुपारी ऊन, जुलैत पावसाची झड. बाल्कनी नकोच. हॉलमध्ये टीव्हीसमोरही नको. खोलीतली एक शांत भिंत, खिडकीपासून आणि एसीच्या थेट झोतापासून दूर, पिंजऱ्याचा वरचा भाग आपल्या डोळ्यांच्या उंचीला किंवा त्याच्या वर. खाली ठेवलेल्या पिंजऱ्यातला ग्लायडर कायम धास्तावलेला असतो.

त्याला २४ ते २७ अंश सेल्सियस मानवतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात घरातही पारा याच्या कितीतरी वर असतो आणि वीज नेमकी दुपारी जाते. पिशवीत न झोपता तो बाहेर हातपाय पसरून पडलेला दिसला, सारखे पंजे चाटत असला, धापा टाकत असला, तर उन्हाचा तडाखा बसतोय. पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून, कापडात गुंडाळून पिंजऱ्याच्या बाहेरून जाळीला टेकवून ठेवा, त्याला हवं तर जवळ येईल. अंगावर बर्फाचं पाणी ओतू नका. धापा थांबत नसतील तर डॉक्टर.

उलट टोकाला नाशिक-निफाडचा डिसेंबर-जानेवारी. पारा एक आकडी झाला की ग्लायडर गारठून गुडूप होतो, हाताला थंड लागतो, हलत नाही. मेला असं समजून लोक रडायला लागतात. शर्टाच्या आत पोटाशी धरून हळूहळू ऊब द्या. जाग यायला वेळ लागतो. गरम पाणी, हीटर, थेट शेक नको. पिलांच्या खुराड्यात लावतात तसा शंभर वॅटचा दिवा पिंजऱ्यावर टांगणंही चुकीचं, रात्रभर उजेड राहिला तर तो बाहेर येऊन खातच नाही. उजेड न देणारा सिरॅमिक हीटर मिळतो, तो पिंजऱ्याच्या बाहेर, दात पोहोचणार नाहीत इतक्या अंतरावर लावा.

मच्छरांची कॉइल, लिक्विड, अगरबत्ती, धूप या खोलीत बंद. दिवाळीत पिंजरा घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत हलवा, खिडक्या लावून वर जाड चादर टाका, हवा खेळायला एक बाजू मोकळी ठेवून.

खाणं-पाणी आणि मुंग्या

खाण्याच्या वाट्या पिंजऱ्याच्या वरच्या अर्ध्या भागात लावा, पण झोपायच्या पिशवीच्या बरोबर खाली नको, मूत खाण्यात पडतं. ग्लायडर किडे आणि फळं चावून रस घेतो आणि चोथा थुंकतो, तोही लांबवर. भिंत घाण होते म्हणून वैतागला असाल तर प्लास्टिकचा एक मोठा चौकोनी डबा उलटा करून त्याच्या एका बाजूला तीन इंचांचं गोल भोक पाडा, कडा सँडपेपरने गुळगुळीत करा आणि वाटी आत ठेवा. आत बसून जेवतो, चोथा डब्यातच राहतो.

पाण्याची बाटली भरलेली दिसते म्हणून पाणी मिळतंय असं धरू नका. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यात क्षार जास्त, नळीच्या टोकाची गोळी त्याने चिकटते. रोज बोटाने गोळी दाबून थेंब येतो का पाहा आणि दोन बाटल्या लावा. एवढ्याशा जिवाला पाण्याविना एक रात्रही जड जाते. क्षार धरला तर नळी व्हिनेगरमध्ये भिजवून घासा.

मुंग्या लागतातच, फळं आणि मध म्हटल्यावर. खडूची रेघ आणि पावडर पिंजऱ्याजवळ चालणार नाही. जुन्या घरांत दुधातुपाच्या जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचे, तेच करा. पिंजऱ्याच्या स्टँडचे चारही पाय वाट्यांत, पाण्यात दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड. मात्र पिंजरा भिंतीला किंवा पडद्याला कुठेही टेकता कामा नये, मुंग्या ती वाट तासाभरात शोधतात. पाणी दोन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतील.

नव्या पिंजऱ्यात हलवल्यावर पहिल्या रात्री ते खात नाहीत, पिशवीतच बसतात. जुनी न धुतलेली पिशवी आणि एखादी जुनी फांदी आत लावा. दुसऱ्या रात्रीही वाटी तशीच राहिली, किंवा मागचे पाय ओढत चालतोय असं दिसलं, तर पिंजऱ्याशी खटपट थांबवा आणि एक्झॉटिक, म्हणजे असे परदेशी पाळीव प्राणी पाहणारा पशुवैद्य गाठा. मागच्या पायातली ताकद जाणं बहुतेक वेळा आहारातल्या कॅल्शियमच्या कमतरतेमुळे असतं, आणि त्यात वेळ घालवून चालत नाही. डॉक्टरांकडे जाताना पिशवीसकट न्या, सोबत पिंजऱ्याचे रात्री काढलेले व्हिडिओ आणि तो काय काय खातो याची यादी.